ओवाळणीचे ताट आणि हिंगण्याची झोपडी

दिवाळीच्या चार-पाच दिवसांत भाऊबीज सर्वांच्या शेवटी येते. अभ्यंगस्नानाचा थाट तोवर ओसरलेला असतो, लक्ष्मीपूजनाचे बत्तासे संपलेले असतात, आणि फराळाच्या डब्यात चकलीचे तुकडे व चिवड्याचा चुरा उरलेला असतो. तरीही सासुरवाशिणीला विचाराल तर खरी दिवाळी ती हीच, असे ती सांगेल. पाट मांडायचा, भोवती रांगोळी काढायची, ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी ठेवायची, आणि भावाला ओवाळायचे. ताटात पडणाऱ्या ओवाळणीच्या किमतीला फारसा अर्थ नसतो. आपल्या पाठीशी कोणी आहे, ही खात्री तिच्या रूपाने वर्षातून एकदा मिळते.

शास्त्रकारांनी या दिवसाला यमद्वितीया म्हटले आहे. बहीण यमुना हिच्या घरी यम जेवायला गेला, तिने त्याचा आदरसत्कार केला आणि त्याने तिला वस्त्रालंकार दिले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. या दिवशी पुरुषाने आपल्या घरी जेवू नये, बहिणीच्या हातचे जेवावे आणि तिचा सन्मान करावा, असे धर्मशास्त्राचे ग्रंथ सांगतात. सख्खी बहीण नसेल तर नात्यातल्या बहिणीकडे जावे, तीही नसेल तर एखादीला बहीण मानून तिच्याकडे जावे, अशी तोडही त्यांनी काढून ठेवली आहे. बहिणीच्या बाजूने लोकांनी तिला जोड दिली. जिला भाऊ नाही, तिने आकाशातल्या द्वितीयेच्या चंद्राला ओवाळावे! कोणाचेही ताट रिकामे राहू नये, ही आपल्या पूर्वजांची भावना किती सुंदर आहे!

परंतु हेही खरे की, त्याच पूर्वजांच्या घरात अशी एक बाई असे, जिला ताट हातात धरण्याची चोरी होती. लग्न म्हणजे काय हे कळण्याच्या आत विधवा झालेली, केशवपन केलेली, अंगावर आलवण ल्यालेली ती बाई दिवाळीची चकली तळी, अनारसे करी, पण मंगल प्रसंगी पुढे येत नसे. ओवाळण्याच्या वेळी ती माजघराच्या दाराआड उभी राही. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला खरा. पण कायद्याचा कागद माजघरापर्यंत पोहोचला नव्हता.

या दाराआडच्या बहिणीपर्यंत ओवाळणी कशी पोहोचली, त्याचा इतिहास एका भावापासूनच सुरू होतो.

कोकणात देवरुखला जोशी नावाचे एक घर होते. त्या घरातल्या गोदूचे लग्न आठव्या वर्षी झाले आणि तीन महिन्यांच्या आत तिला वैधव्य आले. पुढची कित्येक वर्षे सासरी राबण्यात गेली. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईला शिकत होता. त्याने बहिणीला मुंबईस आणले आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात घातले. हे शारदासदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत निघाले, आणि गोदूबाई त्याच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी ठरल्या. वैधव्य भोगणाऱ्या बहिणीच्या हातात पाटी-पुस्तक देणे ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. भाऊबीजेच्या ओवाळण्या पुष्कळ भावांनी घातल्या असतील, पण नरहरपंतांनी घातलेल्या या ओवाळणीला तोड नाही.

याच नरहरपंतांचे मुंबईतले स्नेही म्हणजे धोंडो केशव कर्वे. १८ एप्रिल १८५८ चा त्यांचा जन्म. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले मुरुड. सतराव्या वर्षी परीक्षेला बसायचे म्हणून भर पावसाळ्यात कुंभार्ली घाट चढून ते पायी साताऱ्याला गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे ते गणित घेऊन पदवीधर झाले आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला.

लग्न झाले आणि मुरुडचे दार बंद झाले. गावकऱ्यांनी सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला. ते घरी येऊन राहिले तर घरच्या मंडळींनाही वाळीत टाकायचे, असे ठरले. आई तिथे, भाऊ तिथे, बहीण तिथे, आणि आपल्याच घराचा उंबरा ओलांडण्याची सोय नाही! सणावाराला आपल्या घरी जाता न येणे म्हणजे काय, हे विधवेला जन्मभर ठाऊक असते. आता ते या गणिताच्या प्राध्यापकालाही कळले.

दुसरा एखादा असता तर गावावर राग धरून बसला असता. कर्व्यांचा पिंड वेगळा होता. या मुरुडसाठीच त्यांनी १८८६ साली मित्रांच्या मदतीने ‘मुरुड फंड’ काढला होता. प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा ठरावीक हिस्सा गावाच्या कामासाठी द्यायचा, अशी ती योजना होती. थोडे द्यावे, पण नेमाने द्यावे, आणि त्याचा हिशेब चोख ठेवावा, ही शिस्त त्यांना तिथे लागली. पुढच्या साऱ्या कामाचे भांडवल हेच.

१८९६ साली पुण्यात त्यांनी अनाथबालिकाश्रम काढला. पुढे प्लेगाचे दिवस आले. आश्रमाला शहराबाहेर जागा हवी होती. हिंगण्याला रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली तिथे एक झोपडी उभी राहिली. आज त्या परिसराला कर्वेनगर म्हणतात आणि तिथे वाहनांची रीघ लागलेली असते. त्या वेळी मात्र तिथे माळ आणि शेते होती. पुण्यापासून सुमारे चार मैलांची वाट, पावसाळ्यात नुसता चिखल. दिवसभर महाविद्यालयात शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामानसुमान बरोबर घेऊन हिंगणे गाठायचे, मुलींना शिकवायचे आणि पुन्हा शहरात परतायचे, असा कर्व्यांचा क्रम चालू झाला. ‘अण्णा’ हे नाव त्यांना उगीच मिळालेले नाही. त्या झोपडीतल्या मुलींना थोरला भाऊच मिळाला होता.

परंतु औदार्याची किंमत नेहमी देणाराच मोजतो असे नाही. ती पुष्कळदा त्याच्या घरच्यांना मोजावी लागते. अण्णांनी आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. घरात लहान मुले होती, बायांच्या हाती जेमतेम पैसा येई. प्रपंच चालवण्यासाठी त्यांनी सुईणपणाचे काम केले. बरे, ज्या आश्रमासाठी ही सारी ओढाताण, त्या आश्रमात तरी त्यांना मानाचे पान होते काय? तेही नव्हते. सनातनी गृहस्थांनी मुलींना आश्रमात धाडावे, म्हणून पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रम यांत अण्णांनी अंतर राखले होते. त्यामुळे पुनर्विवाहित बायांना आश्रमाच्या कारभारापासून दूर राहावे लागले. विधवांसाठी उघडलेल्या दारात एका पूर्वीच्या विधवेलाच संकोचाने उभे राहावे लागावे, हा केवढा विपर्यास! बायांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथेत आपली बाजू मोकळेपणाने मांडली आहे. थोरांची चरित्रे वाचताना त्यांच्या घरातला हा हिशेबही वाचला पाहिजे. नाहीतर आपण त्यागाचे कौतुक करतो आणि त्याची झळ सोसणारीला विसरतो.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमात आली. तिलाही ऐन तारुण्यात वैधव्य आले होते आणि पदरी एक मुलगा होता. आश्रमात शिकून ती आश्रमाचीच कार्यकर्ती झाली आणि वर्गणी गोळा करण्याचे बिकट काम तिने अंगावर घेतले. अपरिचित दारात उभे राहून पैसे मागायचे, म्हणजे आधी आपण कोण हे सांगायचे, मग विधवांना शिकवून काय होणार या प्रश्नाला उत्तर द्यायचे, आणि नकार आला तरी चेहऱ्यावर काही न दाखवता पुढच्या घराची पायरी चढायची. या बाईने ते वर्षानुवर्षे केले. चाळिशी उलटल्यावर, १९१८ साली, ती अमेरिकेलाही गेली. तिथे घरकाम करून राहिली, इंग्रजी शिकली आणि तिथेही संस्थेसाठी मदत मागितली. माजघराच्या दाराआडून निघालेली वाट कुठवर गेली पाहा!

संस्थेचा व्याप वाढत गेला. १९०७ साली महिलाविद्यालय निघाले, १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या महाविद्यालयात आरंभी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! खर्च वाढला आणि वर्गणीची तोंडमिळवणी अवघड होऊ लागली. अशा काळात पुढे हिंगण्याच्या संस्थेने ‘भाऊबीज फंड’ सुरू केला. कल्पना अगदी साधी. दिवाळीच्या सुमारास संस्थेच्या सेविकांनी घरोघर जायचे, संस्थेतल्या बहिणींच्या वतीने ओवाळणी मागायची, मिळेल ती लहानमोठी रक्कम घ्यायची आणि पावती द्यायची.

या कल्पनेत पैशाइतकेच महत्त्व नावाला आहे. देणगी म्हटली की देणारा वर आणि घेणारा खाली. भीक म्हटली की मग बोलायलाच नको. पण ओवाळणी? ती बहिणीचा हक्क असते. ती मागताना तिला लाजावे लागत नाही, आणि घालताना भावाला उपकाराची ऐट मिरवता येत नाही. उलट ओवाळणी न घातली तर त्याचीच मान खाली जाते! जिच्या हातून समाजाने ताट काढून घेतले, त्या बाईच्या हातात संस्थेने ते पुन्हा दिले, आणि साऱ्या महाराष्ट्राला पाटावर बसवले. नात्यात बहीण नसेल तर एखादीला बहीण मानावे, हे शास्त्रवचन पोथीतून उठून असे रस्त्यावर चालू लागले.

थोरल्या देणग्याही आल्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. मुलाने आईला घातलेली ही केवढी मोठी ओवाळणी! परंतु एका दात्याने १५ लाख दिले म्हणून हजारो घरांतल्या लहान ओवाळण्यांचे मोल कमी होत नाही. मोठ्या देणगीने इमारती उभ्या राहतात. लहान ओवाळणीसाठी मात्र कोणीतरी दारावर यावे लागते, दोन शब्द बोलावे लागतात. कारकुनाच्या, मास्तरांच्या, दुकानदाराच्या घरी दरवर्षी कोणी सुशिक्षित, स्वावलंबी बाई पावतीपुस्तक घेऊन येते, हे त्या घरातल्या मुली दाराशी उभ्या राहून पाहत असतील. त्या पाहण्याचा हिशेब कोणत्याही पावतीवर लिहिलेला नाही, पण तो लहान खास नसावा.

अण्णांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले. त्यांच्या पश्चात संस्था वाढली, तिला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था असे नाव मिळाले आणि भाऊबीजेची ओवाळणीही चालू राहिली. हिंगण्याची ती झोपडी जतन करून ठेवली आहे. मुलाबाळांना घेऊन ती एकदा अवश्य पाहावी.

आता राहता राहिला आपल्या घरचा प्रश्न. बलिप्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा मुहूर्त. व्यापारी त्या दिवशी नव्या वह्या घालतात, आणि वर्षाचे संकल्प करायला आपल्यालाही हाच दिवस बरा. ओवाळणी हा हक्क आहे असे म्हणायचे, तर तो हक्क ताटापुरताच का ठेवावा? १९५६ च्या कायद्याने हिंदू मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा दिला, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला भावाच्या बरोबरीने बसवले. तरीसुद्धा भाऊबीजेला साडी घ्यायची आणि पुढे हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायची, असे प्रकार चांगल्या चांगल्या घरांत घडतात. पाटावर बसताना एवढे आठवले तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. घरात एखादी विधवा आत्या असेल, एकटी राहणारी मावशी असेल, शेजारी भाऊ नसलेली कोणी असेल. ओवाळण्याच्या वेळी ती स्वयंपाकघरात काही तरी निमित्त काढून रेंगाळते. तिला हाक मारावी, ताट तिच्या हाती द्यावे आणि आधी तिच्याकडून ओवाळून घ्यावे. ती नको नको म्हणेल. पण मुलांना पाटावर बसवून ठेवावे आणि निरांजनात तेल घालावे.