भिवंडीचे दार आणि आमची अश्लीलतेची भाषा

‘खासगी’ हा शब्द मराठीत सामान्य माणसाच्या वाट्याला फार उशिरा आला. पेशवाईत आणि होळकरशाहीत खासगी म्हणजे धन्याच्या घराण्याची स्वतःची मिळकत, तिचा वेगळा हिशेब, तिचे वेगळे कारभारी. होळकरांकडे ‘दौलत’ निराळी आणि ‘खासगी’ निराळी. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेली देवळे आणि घाट या खासगीच्या पैशातून उभे राहिले, हे आपण शाळेत वाचतो. म्हणजे ज्यात इतरांनी डोकावू नये असे काही जवळ असणे, हा मुळात दर्जाचा प्रश्न होता. रयतेजवळ जे होते त्याला अब्रू म्हणत. आणि अब्रू ही दुसऱ्यांच्या नजरेतच राहते, तेथूनच ती जाते.

याच्या उलट टोकाचा शब्द ‘नाका’. रस्त्याचे तोंड, जेथे चौकी बसते, गाठोडे सोडून दाखवावे लागते आणि जकात भरून पुढे जाता येते. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर आज अशी चौकी नाही. तेथे १८७९ साली बांधलेले बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर आहे, शेजारी जिल्हा रुग्णालयाची जागा आहे, आणि १९७८ पासून नवरात्रात देवी बसते तेव्हा वाहतूक वळवावी लागते. पण जुन्या ठाण्याचा नाका जे करीत असे ते बंद झालेले नाही. कोण कोणाबरोबर गेले, किती वाजता परतले, याची नोंद नाका ठेवतोच. फरक एवढाच की ही नोंद पूर्वी माणसांच्या स्मरणात असे आणि ती माणसे वारली की पुसली जाई. आता ती यंत्रात असते.

जिव्हाळ्याच्या संबंधांतील खासगीपणाविषयी आपल्या न्यायालयांनी जे मोलाचे सांगितले आहे, त्यातील एक गोष्ट ठाणे जिल्ह्यातच घडली, आणि तिचा उल्लेख साहित्याच्या वर्गात आम्ही कधी ऐकलेला नाही. टेंभी नाक्यावरून निघून कशेळीची खाडी ओलांडली की भिवंडी. १९६५ च्या नोव्हेंबरात एके रात्री तेथील पोलीस निरीक्षक गणवेशात एका झोपडीत शिरला. झोपडीत एक स्त्री होती. तिच्या तक्रारीनुसार त्याने तिच्याकडे शरीरसंबंधाची मागणी केली, नकार मिळताच बळजबरीचा प्रयत्न केला; तिने आरडाओरड केली आणि शेजारी जमले. निरीक्षकाचे म्हणणे असे की आपण बेकायदा दारूच्या छाप्यासाठी गेलो होतो. खात्याने चौकशी करून त्याला बडतर्फ केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा पारडे फिरले. या स्त्रीने आपला एका परपुरुषाशी संबंध असल्याचे लपविले नव्हते. तेवढ्यावरून, अशा बाईच्या एकटीच्या शब्दावर एका सरकारी अधिकाऱ्याची नोकरी आणि भवितव्य धोक्यात घालणे बरे नव्हे, असे उच्च न्यायालयास वाटले.

‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर’ या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि ऑक्टोबर १९९० मध्ये, म्हणजे त्या रात्रीनंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी, निकाल लागला. न्या. अहमदी यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा की जिला समाज ‘सैल चारित्र्याची’ म्हणतो तिलाही खासगीपण आहे. कोणालाही वाटेल तेव्हा तिच्या त्या कक्षेत शिरता येणार नाही, आणि तिच्या इच्छेविरुद्ध कोणी अंगावर आला तर तिला स्वतःचे रक्षण करण्याचा हक्क आहे. तिची साक्ष तिच्या आयुष्यक्रमामुळे केराच्या टोपलीत जात नाही. फार तर ती सावधपणे तपासावी.

हा निकाल मोठा का, तर त्याने खासगीपणाची सद्गुणापासून फारकत केली. त्यापूर्वीचा हिशेब सरळ होता. जी घरात असते, जिच्याविषयी बोलण्याजोगे काही नाही, तिला पडदा. जिने एकदा दार उघडले, तिचे दार सर्वांना उघडे. निकालाने सांगितले की दार एकासाठी उघडणे म्हणजे ते काढून टाकणे नव्हे. झोपडीच्या दाराविषयी जे म्हटले गेले तेच पुढे छायाचित्राविषयी आणि ध्वनिचित्रफितीविषयी म्हणावे लागणार होते. पण त्यासाठी कायद्याला आणखी तेवीस वर्षे लागली.

आम्हा साहित्याच्या माणसांना मात्र या विषयाकडे दुसऱ्याच वाटेने जाण्याची सवय आहे. आमची वाट अश्लीलतेच्या खटल्यांची. ती अभिमानास्पद आहे यात शंका नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. १९३४ मध्ये त्यांच्यावरील खटल्यात डॉ. आंबेडकर बचावासाठी उभे राहिले. आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. खटला हरला, दंड झाला, आणि मासिक चालूच राहिले. पुढे चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याने लॉरेन्सची कादंबरी विकली म्हणून झालेली शिक्षा १९६४ मध्ये कायम झाली होती. ‘सखाराम बाइंडर’चा लढा तर पाठच असतो. या परंपरेने आम्हाला एक ठाम भूमिका दिली: वाचणाऱ्या प्रौढ माणसाच्या एकांतात सरकारने डोकावू नये.

भूमिका योग्य आहे, पण तिच्या मागचा प्रश्न एकाच बाजूचा होता. भारतीय दंड संहितेचे कलम २९२ पाहणाऱ्याच्या मनाविषयी बोलते: मजकुराने त्याचे मन बिघडेल काय? १८६८ च्या इंग्रजी कसोटीवर आपली न्यायालये कितीतरी वर्षे हेच विचारत राहिली आणि लेखक ‘नाही बिघडणार’ असे उत्तर देत राहिले. दोन्ही पक्षांच्या लक्षात एक गोष्ट येण्याचे कारणच नव्हते. श्यामा कागदावरची होती. तिची परवानगी विचारण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. कर्व्यांना पत्र लिहिणारा मात्र खराखुरा माणूस होता, त्याने एका संपादकावर विश्वास टाकून आपली अडचण कळविली होती. पण खटल्यात त्याच्या विश्वासाची चर्चा नाही, वाचकांच्या नीतीची आहे.

कागदाच्या जागी यंत्र आले तेव्हा हीच एकांगी दृष्टी वारशाने मिळाली. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६७ हे २९२ चेच धाकटे भावंड. २००१ मध्ये दोन नागरिकांच्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने एक समिती नेमली. विषय होता इंटरनेटवरील अश्लील मजकुरापासून मुलांचे संरक्षण. २००२ च्या आरंभी समितीने अहवाल दिला. संकेतस्थळे बंद करण्याचा मार्ग तिने नाकारला, हे तिच्या शहाणपणाचे. पण सायबर कॅफेत येणाऱ्या प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहावे, अल्पवयीनांना उघड्यावरच्या यंत्रांवरच बसवावे, अशाही शिफारशी तिने केल्या. ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना प्लायवुडचे खण, त्यावरचा पडदा आणि तासाचे पैसे घेणारा मुलगा आठवेल. मुलांचे रक्षण हा हेतू निर्मळच होता. तरीही ओळखपत्राच्या अटीने प्रौढ माणसाचा खणही नाक्यावर आणला. तेथे बसून प्रियकराला पत्र लिहिणारी, गुप्तरोगाविषयी वाचणारा, किंवा आपण इतर मुलांसारखे का नाही हे शोधणारा, या सर्वांना आधी नाव सांगणे आले.

२००४ मध्ये दिल्लीतील दोन विद्यार्थ्यांची भ्रमणध्वनीवर टिपलेली फीत एका लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रीस आली आणि संकेतस्थळाच्या प्रमुखास अटक झाली. वर्तमानपत्रांनी त्याला ‘एमएमएस कांड’ म्हटले. शब्दाकडे पाहावे. चोरीला आपण चोरी म्हणतो, ‘दागिन्यांचे कांड’ म्हणत नाही. येथे मात्र जिची गोष्ट चोरली गेली तीच कांडाची नायिका झाली.

कायद्याने दिशा बदलली ती हळूहळू. २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ ई आले: संमतीवाचून कोणाच्या खासगी अवयवांचे चित्रण केले, ते छापले किंवा पाठविले तर तीन वर्षांपर्यंत कैद. येथे ‘संमती’ हा शब्द प्रथमच मध्यभागी आला. त्याच दुरुस्तीतील कलम ६७ ए मात्र जुन्याच वळणाचे: उघड लैंगिक कृतीचे चित्रण प्रसारित करणे हाच गुन्हा, संमतीचा उल्लेख नाही. काटेकोर वाचले तर परस्परांच्या राजीखुशीने एकमेकांना फीत पाठविणारे दोघे प्रौढही त्याच्या कक्षेत ओढता येतात. मग ज्या मुलीची फीत पसरली ती तक्रार घेऊन जाताना कचरली तर नवल काय? ती स्वतः पाठविणारी असते.

२०१३ मध्ये दंड संहितेत ३५४ सी हे कलम आले, आणि त्याच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात, आमच्या समजुतीप्रमाणे, भिवंडीच्या दाराचा अर्थ शब्दांत उतरला. स्त्रीने चित्रणास संमती दिली असली तरी ते तिसऱ्याला दाखविण्यास दिली नसेल, तर दाखविणे हा गुन्हा. टिपणे वेगळे, पसरविणे वेगळे. जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. आरोपी आता स्त्रीही असू शकते, पण पीडित मात्र स्त्रीच. व्हिडिओ कॉलवर फसवून, चित्रण करून, पैशासाठी धमकावला गेलेला तरुण या कलमात बसत नाही. त्याला खंडणीच्या कलमांचा आणि ६६ ई चा आधार शोधावा लागतो. दरम्यान, २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला होता आणि शरीरसंबंध, घर, विवाह यांना त्याच्या गाभ्यात जागा दिली होती.

तरी चित्र हेच सर्वस्व मानण्याची चूक करू नये. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. आरोप असा की ते लोकांच्या दूरध्वनी संभाषणांच्या नोंदी बेकायदा मिळवून विकत होते. या नोंदींत बोलणे नसते. कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकावर, किती वाजता, किती वेळ आणि कोणत्या मनोऱ्याच्या टापूतून, एवढेच आकडे. पण रात्री साडेअकराला रोज चाळीस मिनिटे, या आकड्यांतून संबंध वाचता येतो, आणि अशा नोंदींच्या गिऱ्हाइकांत जोडीदाराविषयी संशय असलेली माणसे असत. पूर्वी नाक्यावरचा पानवाला हेच फुकट सांगत असे, असे कोणी म्हणेल. पानवाल्याला मात्र समोर उभे राहून सांगावे लागे, आणि त्याला खोटे पाडता येई.

ही बाजू आम्हाला सर्वांत अवघड वाटते, कारण येथे घुसखोर परका नाही. फोनचा सांकेतिक शब्द मागणारा नवरा, ‘लपवायचे काय आहे’ विचारणारी बायको, मुलीचा फोन तपासणारी आई. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या दाव्यात पतीने पत्नीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण पुरावा म्हणून घेता येईल असे ठरविले. जोडीदारावर पाळत ठेवण्यापर्यंत वेळ आली असेल तर संबंध आधीच मोडलेला आहे, असा त्यामागील विचार. व्यवहारात तो खरा असेल. पण २०१७ नंतर ज्यांनी गाभ्यातल्या घराविषयी वाचले होते, त्यांना हा निकाल वाचताना थोडे थांबावे लागले. एका छताखालच्या दोघांमध्येही एक दार असते, हे १८८० च्या दशकात रखमाबाईंनी मुंबईच्या न्यायालयात सांगून पाहिले होते. १८८५ मध्ये त्यांनी वृत्तपत्राला पत्रे लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ एवढ्याच सहीने. त्यांचे म्हणणे मांडण्यासाठी त्यांना आधी नाव झाकावे लागले.

नाव झाकून तक्रार करण्याची ही गरज आजही संपलेली नाही. फीत पसरल्याची तक्रार द्यायची तर ती फीत टेबलापलीकडच्या माणसाला दाखवावी लागते. म्हणजे जे कोणी पाहू नये म्हणून यायचे तेच पुन्हा एकाला दाखवायचे. २०२१ च्या नियमांनी समाजमाध्यमांना अशा चित्राविषयी बाधित व्यक्तीची तक्रार आल्यापासून चोवीस तासांत ते काढण्याचे बंधन घातले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सोय सुरू झाली, तिची रीत आम्हाला लक्षात ठेवण्याजोगी वाटते. चित्र कोठेही पाठवावे लागत नाही. तक्रारदाराच्या स्वतःच्या फोनवरच त्या चित्राचा एक आकडी ठसा तयार होतो, आणि तो ठसा तेवढा बाहेर जातो. सहभागी कंपन्या आपल्याकडे चढविल्या जाणाऱ्या चित्रांशी तो ताडून पाहतात. ठशावरून चित्र परत घडविता येत नाही. ते चित्र त्या माणसाच्या फोनमध्येच राहते, आणि त्याला ते तेथूनही पुसून टाकायचे असेल तर पुसता येते.