नऊ मिनिटं, ३१ हजार मेगावॅट

५ एप्रिल २०२०, रात्री ९. आपण घरातले दिवे बंद करून गॅलरीत पणत्या घेऊन उभे होतो. त्या वेळी ड्यूटीवर असलेल्यांची ही गोष्ट.

ग्रिडमध्ये वीज साठत नाही. वापर आणि निर्मिती सतत जुळवत राहावी लागते, तरच फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास टिकते. जुळणी बिघडली की काय होतं, ते जुलै २०१२ मध्ये दिसलं होतं: सलग दोन दिवस ग्रिड कोसळली, अर्धा देश अंधारात.

आवाहन आलं ३ एप्रिलला. म्हणजे तयारीला जेमतेम अडीच दिवस, तेही लॉकडाऊनमध्ये! आपण 'वर्क फ्रॉम होम' शिकत होतो. दिल्लीच्या राष्ट्रीय किंवा आपल्या ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातल्या खुर्चीला ती सोय नव्हती. अंदाज होता, मागणी १२-१४ हजार मेगावॅटने घसरेल. घसरली ३१ हजारांहून जास्त! विचार करा, समोरच्या स्क्रीनवर आकडा अंदाज ओलांडून खालीच चाललाय. जलविद्युत संचांनी १७ हजार मेगावॅटच्या वर निर्मिती झटपट कमी केली आणि फ्रीक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ मध्येच राहिली.

काहीच बिघडलं नाही, म्हणून बातमीही फारशी झाली नाही. मला हे खटकतं. ग्रिड पडली असती तर याच सरकारी कर्मचाऱ्यांची चौकशी लागली असती.

९ वाजून ९ मिनिटांनी आपण स्टेटस टाकत होतो. तिकडे संच पुन्हा चढवायचं काम सुरू झालं होतं.