न जोडलेल्या जोडीची कुळकथा

शनिशिंगणापूरच्या उघड्या चौथऱ्यावरची शिळा तेलाने माखलेली असते. तिच्यावर पाणी पडलं तर ते पसरत नाही, थेंब थेंब होऊन ओघळतं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे शेंबडं पोरही सांगेल, पण त्यामागचं कारण रेणूंच्या आकारापर्यंत जातं. पाण्याचा रेणू काडीसारखा सरळ असता, तर ऑक्सिजनची दोन्हीकडची ओढ एकमेकींना खोडून गेली असती आणि त्याला धन-ऋण बाजूच उरल्या नसत्या. प्रत्यक्षात तो १०४.५ अंशांत वाकलेला आहे, म्हणून त्याला त्या बाजू आहेत; तेलाच्या रेणूंना त्या जवळजवळ नसतात, म्हणून दोघं मिसळत नाहीत. त्याचं वाकणं समजतं ते ऑक्सिजनवरच्या दोन इलेक्ट्रॉन जोड्यांमुळे, ज्या कुठल्याच बंधात नाहीत. माझ्या मते, रेणूंचे आकार ओळखण्याच्या नियमाचं मूळ या बिनकामाच्या वाटणाऱ्या जोडीला मोजायला शिकण्यात आहे.

पाठ्यपुस्तकं या नियमाचं श्रेय १९५७ सालच्या गिलेस्पी आणि नायहोम या जोडगोळीला देतात. पण कुळ त्याहून जुनं आहे. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळवले, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता. त्यांच्या हिशेबात फक्त बंध होते. १९१६ मध्ये लुईस यांनी बंध म्हणजे इलेक्ट्रॉनची सामायिक जोडी असं मांडलं, आणि सामायिक नसलेली जोडीही ठिपक्यांनी कागदावर आली. मात्र तिला अवकाशात जागा मिळाली ती १९४० मध्ये. ऑक्सफर्डच्या सिजविक आणि पॉवेल यांनी माहीत असलेल्या रचना तपासून दाखवलं, की आकार ठरवताना दोन्ही प्रकारच्या जोड्या धरायच्या, आणि त्या एकमेकींना शक्य तितकं दूर ढकलतात असं मानायचं. जपानमध्ये त्सुचिदा आदल्याच वर्षी अशाच विचारापाशी पोचले होते. गिलेस्पी-नायहोम यांनी त्यात नेमकी भर घातली: एकाकी, म्हणजे बंधात नसलेली, जोडी बंधातल्या जोडीपेक्षा जास्त जागा अडवते. म्हणूनच मिथेनचा १०९.५ अंशांचा कोन अमोनियात १०७ वर येतो, पाण्यात आणखी आवळतो. नियमाचं ‘व्हीएसईपीआर’ (संयुजा कवचातल्या इलेक्ट्रॉन जोड्यांचं प्रतिकर्षण) हे नाव तर १९६३ चं.

कोणी म्हणेल, उत्तरं आधी माहीत होती, नियम मागाहून बेतला. पण झेनॉन टेट्राफ्लुओराइड १९६२ मध्ये तयार झालं. नियम मांडला तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं. चार बंध, दोन एकाकी जोड्या, म्हणजे सपाट चौकोन, असा हिशेब निघतो, आणि रेणू तसाच निघाला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हायड्रोजन सल्फाइडमध्येही जोड्या तितक्याच, मग कोन ९२ अंश कसा? संक्रमण धातूंपाशी तर नियम वारंवार अडखळतो. हे खरंच आहे. तो आकाराची जात सांगतो, नेमके अंश नाही. शिवाय जोड्यांच्या ‘ढकलाढकली’मागे निव्वळ विद्युतभार नसून, सारख्या फिरकीचे दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी मावत नाहीत हे पाउलींचं तत्त्व आहे, हे गिलेस्पींनीच पुढे आवर्जून मांडलं. कागद-पेन्सिलीच्या नियमाकडून याहून जास्त मागणं अन्यायाचं ठरेल.

नियमाची ही हद्द शिळेवरच्या तिळाच्या तेलातही दिसते. त्यातल्या बहुतेक मेदाम्लांमध्ये दुहेरी बंध असतात. दुहेरी बंध एकच मोजा, कार्बनभोवती साधारण १२० अंश येतील, इथवर नियम नेतो. साखळीची दोन्ही टोकं त्या बंधाच्या एकाच बाजूला ठेवणं मात्र तिळाच्या रोपातल्या विकरांचं काम. तिथे पडलेल्या बाकामुळे साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगत नाहीत, तेल गोठत नाही आणि शिळेवरून ओघळत राहतं.