घराची परवानगी आणि जागेची नोंद: गोंदिया जिल्ह्यातील नकार, हरकती आणि अपिले

गोंदिया जिल्ह्यात घराच्या बांधकामाला मिळालेल्या नकाराचे मूळ सहसा जागेच्या जुन्या नोंदीत सापडते. नकाशातील खोल्या, जिना, सोडलेले अंतर यांच्या त्रुटी दुरुस्त करता येतात. जमीन कागदावर आबादी, नझूल, भूमिधारी, आरक्षित किंवा झुडपी जंगल अशी नोंदलेली असेल, तर मात्र अर्जदाराला एका पिढीहून जुन्या निर्णयाशी झगडावे लागते. म्हणून इथल्या बांधकाम परवानगीचा इतिहास सांगताना सुरुवात जमिनीच्या हक्कापासून करावी लागते.

हा भाग भोसल्यांच्या नागपूर राज्यातून 1853-54 मध्ये इंग्रजी अमलाखाली आला आणि पुढे मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडू लागला. 1860 च्या दशकातील जमीन महसुलाच्या बंदोबस्तात गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. आमगाव, कामठा यांसारख्या भागांत जमीनदाऱ्या होत्या. शेत, तलाव, पडीक आणि वस्तीची जागा ही सारी मालगुजाराच्या महालात येत असे. नव्या कुटुंबाला घर बांधायचे तर मालगुजाराने आबादीत, म्हणजे गावाच्या वस्तीच्या जमिनीत, जागा दाखवावी लागे. गावाचे रिवाज वाजिब-उल-अर्जात लिहिलेले असत आणि घराच्या जागेबद्दलचे रिवाजही त्यातच येत. शेतकरी, गावकामगार आणि मजूर यांचा आबादीतील जागेवरचा हक्क मध्य प्रांताच्या महसूल कायद्यानेही मान्य केला होता. पण रोजच्या व्यवहारात मालगुजाराचा शब्द आधी आणि कायदा नंतर, असा क्रम होता. त्याचा नकार तोंडी असे आणि तोंडी नकाराला कारण लागत नाही. डेप्युटी कमिशनरकडे दाद मागायची, तर कुळाला भंडाऱ्यापर्यंत जावे लागे. ज्याच्या शेतावर पोट, त्याच्याविरुद्ध अर्जनवीसाकडून कागद लिहून घेणे किती जणांना शक्य होते, हे समजायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

गोंदिया शहराची गोष्ट वेगळी आहे, कारण ते मालगुजाराच्या वाड्याभोवती वाढले नाही. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा रेल्वेमार्ग इथून गेला. पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे आला आणि रुंद झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे आणि चांद्याकडे (आजचे चंद्रपूर) जाणारे अरुंद मार्ग निघाले आणि गोंदिया जंक्शन बनले. धान, विडी आणि वनोपज यांच्या व्यापारासाठी लोक इथे येऊन राहिले. 1920 मध्ये नगरपालिका आली आणि 1922 चा मध्य प्रांत नगरपालिका कायदा तिला लागू झाला. या कायद्याने घर बांधण्याआधी पालिकेला सूचना देण्याची, तिची संमती घेण्याची पद्धत रूढ केली. रस्त्यावर येणारा ओटा, नालीवर टाकलेली फरशी, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून काढलेली खिडकी असे विषय आता गावपंचायतीतून उठून पालिकेच्या सभेत आले. नकार आणि अट यांना पहिल्यांदा लेखी रूप मिळाले. जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरची पालिकेच्या कारभारावर देखरेख होती. तिथेही न्याय मिळाला नाही, तर नागपूरची न्यायालये होती. 1936 मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय झाले. 1956 नंतर तेच स्थान मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने घेतले आणि आजही गोंदियाचा अर्जदार शेवटी तिकडेच जातो.

शहरातल्या अनेक भूखंडांवर नझूलची नोंद आहे. नझूल म्हणजे सरकारी मालकीची, भाडेपट्ट्याने दिलेली नागरी जमीन. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हा प्रकार फारसा परिचित नसतो, पण नागपूर आणि अमरावती विभागांतील शहरांत घराघरांचा प्रश्न तोच आहे. पट्टा तीस वर्षांचा असला आणि नूतनीकरण राहून गेले, तर आजोबांनी बांधलेल्या घरावर मजला चढवायलाही नातवाला ना-हरकत मिळत नाही. पालिका नकाशा बघण्याआधी मालकीचा कागद मागते, नझूल कार्यालय थकलेले भाडे आणि शर्तभंग दाखवते. हा नकार कोणत्याच कार्यालयाचा नसतो, त्यामुळे अपील नेमके कुठे करायचे हेच कळत नाही. निवासी नझूल जमिनी मालकी हक्काने देण्याच्या सवलती सरकारने 2019 नंतर आणि पुन्हा 2024 मध्ये जाहीर केल्या, त्या याच कोंडीवरचा उतारा म्हणून.

ग्रामीण भागात मोठा बदल 31 मार्च 1951 ला झाला. त्या दिवशी मालगुजारी संपली आणि आबादीची जागा, तलाव, पडीक जमीन सरकारात निहित झाली. मालकांची राहती घरे त्यांच्याकडेच राहिली. 1954 च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने शेतकऱ्यांचे भूमिस्वामी आणि भूमिधारी असे वर्ग केले. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत भूमिधारींची गणना भोगवटादार वर्ग 2 मध्ये, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेल्या वर्गात, झाली आणि त्या जमिनीवर घर बांधण्याआधी वर्गबदलाची पायरी आली. संहितेखाली शेतजमीन अकृषिक करण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यावी लागे. नकार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दर्जाप्रमाणे महसुली अपील वरच्या पायरीवर जाई: उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त. गोंदिया 1 मे 1999 ला वेगळा जिल्हा झाला, तोवर यातली जिल्ह्याची पायरी भंडाऱ्याला होती. सालेकसा किंवा देवरीच्या माणसाला तारखेसाठी दिवस मोडावा लागे, वकिलाचा खर्च वेगळा.

गावठाणात परवानगी देण्याचे काम 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीकडे दिले. कायद्याच्या कलम 52 नुसार पंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय घर बांधता येत नसे. मुदतीत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाई आणि नकाराविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येई. तरतूद साधी होती, पण मालगुजाराच्या काळाशी तुलना केली तर तिचे मोल कळते. गावातला सामान्य माणूस गावच्या सत्तेच्या निर्णयावर तालुक्याला जाऊन कायद्याने प्रश्न विचारू लागला. 2014 नंतर तालुक्याची गावे नगरपंचायती झाली. गोरेगाव, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव इथल्या लोकांचा अर्ज आता सरपंच-ग्रामसेवकाऐवजी मुख्याधिकाऱ्याकडे जाऊ लागला आणि त्याला शहरी नियम लागू झाले.

हे शहरी नियम 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातून येतात. 11 जानेवारी 1967 पासून तो अमलात आहे आणि नकाराच्या इतिहासात त्याचे स्थान सर्वांत मोठे आहे. कलम 44 खाली अर्ज, कलम 45 खाली निर्णय. नकार द्यायचा तर कारणे लिहावी लागतात. अर्ज किंवा त्रुटींचे उत्तर मिळाल्यापासून 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. ही मानीव परवानगी नियमांत बसणाऱ्या नकाशालाच मिळते. मुदत उलटली म्हणून नियमबाह्य मजला कायदेशीर होत नाही. हे न समजता बांधकाम सुरू केलेल्या अनेकांना पुढे कलम 53 ची पाडकामाची नोटीस आली. कलम 47 प्रमाणे नकारावर किंवा जाचक अटींवर 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. उपसचिवाच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी ते ऐकू शकतो.

हे अपील फक्त अर्जदाराचे आहे. शेजाऱ्याला या कलमाखाली दाद मागता येत नाही. इंग्लंडमध्ये नियोजनाच्या अर्जाची सूचना शेजाऱ्यांना दिली जाते आणि त्यांचे म्हणणे निर्णयात धरले जाते. आपल्याकडे एकेका घराच्या नकाशावर तशी सार्वजनिक हरकत मागवत नाहीत. म्हणून शेजाऱ्याची तक्रार दुसऱ्या वाटेने येते: वाटणी झालेली नाही, हद्द चुकली आहे, वहिवाटीचा रस्ता अडतो. मुख्याधिकारी मालकीचा वाद ठरवू शकत नाही, त्यामुळे तो फाइल थांबवतो आणि दोघांना दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो. भावकीच्या भांडणात अडकलेली घरे या थांबलेल्या फायलींत वर्षानुवर्षे पडून राहतात आणि त्या वर्षांत भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची किंमत कुठेही नोंदली जात नाही.

हरकतीचा खरा सार्वजनिक हक्क विकास आराखड्याच्या वेळी मिळतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कोणीही मुदतीत लेखी हरकत घेऊ शकतो आणि नियोजन समिती सुनावणी घेते. आपल्या प्लॉटवर शाळा, बगीचा किंवा रस्त्याचे आरक्षण पडले आहे, हे पुष्कळांना मात्र ती मुदत संपल्यावर, घराचा नकाशा नामंजूर होतो तेव्हा कळते. त्यांच्यासाठी कायद्यात दोन वाटा आहेत. कलम 49 खाली मालक शासनाला खरेदीची सूचना देऊ शकतो. ही कल्पना इंग्लंडच्या 1947 च्या नियोजन कायद्यातही होती. कलम 127 खाली दहा वर्षांत भूसंपादन झाले नाही, तर नोटीस देऊन आरक्षण व्यपगत करता येते. नोटिशीनंतरची मुदत आधी सहा महिन्यांची होती, 2015 पासून ती 24 महिन्यांची झाली. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की संपादनाच्या दिशेने खरे पाऊल पडले पाहिजे, नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार पुरत नाही. ते प्रकरण मुंबईचे, पण त्याचा आधार राज्यातल्या लहान शहरांतल्या प्लॉटधारकांनाही मिळाला.

काही नकार जागेच्या शेजारामुळे येतात. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे आणि आज तिथे विमानतळ आहे. त्याच्या परिसरात इमारतीच्या उंचीला मर्यादा आहे आणि उंची नाकारल्यास विमान वाहतूक मंत्रालयाच्या अपील समितीकडे जाता येते. वैनगंगेकाठी निळ्या पूररेषेच्या आत नवे घर बांधू देत नाहीत. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेल्या पुराने हा नियम का आहे ते दाखवून दिले.

सर्वांत कष्टाचा नकार झुडपी जंगलाचा आहे. मालगुजारी गेल्यावर गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची निस्तार पत्रके तयार झाली. त्यांत गुरे चारायची, सरपण काढायची खुरटी झुडपे असलेली जमीन झुडपी जंगल म्हणून लिहिली गेली. 1956 मध्ये ती नोंद जशीच्या तशी मुंबई राज्यात आली. या जमिनींवर पुढे शाळा, दवाखाने, स्मशाने उभी राहिली, पट्टे वाटले गेले, घरे झाली. 1980 च्या वन संवर्धन कायद्याने वनेतर वापरासाठी केंद्राची मान्यता सक्तीची केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशाने नोंदीत वन असलेली प्रत्येक जमीन वन ठरली. त्यानंतर पट्टाधारकाला घरकुल मंजूर होई, पण जागा झुडपी म्हणून काम अडे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी 86,409 हेक्टर जमीन वादात होती.

22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने झुडपी जंगल हे वनच असल्याचे सांगितले. मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मान्यता घ्यावी आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची किंवा नक्त वर्तमान मूल्याची (वनाच्या मोबदल्याच्या रकमेची) अट घालू नये, असाही आदेश दिला. त्या तारखेनंतरच्या वाटपांना ही सवलत नाही; त्यांची कारणे राज्याला द्यायची आहेत. त्यामुळे गोंदियातल्या अशा घरमालकासाठी पट्ट्यावरची तारीख नकाशाइतकीच निर्णायक झाली आहे.

दरम्यान छोट्या घरांसाठी परवानगीची पद्धतच सैल झाली. डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा सादर करून आणि शुल्क भरून काम सुरू करण्याची मुभा दिली. 300 चौरस मीटरपर्यंत परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र जोडल्यास दहा दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. ग्रामीण भागात 3200 चौरस फुटांपर्यंत नगररचना विभागाकडे जाण्याची गरज उरली नाही. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंत अकृषिक परवानगीची वेगळी प्रक्रिया महसूल संहितेच्या कलम 42 ड ने आधीच कमी केली होती. नकाशावरचे नकार त्यामुळे घटतील. जागेच्या नोंदीवरचे नकार मात्र पटवाऱ्याच्या दप्तरात, नझूल कार्यालयात आणि वन विभागाच्या अभिलेखातच सोडवावे लागतात.