किल्ल्यावरची माती

दिवाळीच्या सुटीत मुंबईहून नातू गागोदे बुद्रुकला आला, तो येताना हिरव्या प्लास्टिकची एक गुंडाळी घेऊन आला. "आजोबा, हे किल्ल्यावर पसरायचे. पाणी घालायला नको आणि वाळतही नाही!" मी नुसता हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न काही मनातून जाईना. मातीच्या किल्ल्यावर मावळा उभा करायचा, तो कशावर? वाटतो पोरखेळ, पण थोरामोठ्यांनीही या प्रश्नात डोके घातलेले आहे.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी १६६८ साली तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करवून घेण्यास प्रारंभ झाला. लाकूड, कागद, रेशीम आणि वाळू यांतून डोंगर, शेते आणि झाडी उभी केली जाई. पुढे १८१२ साली प्रशियाच्या राजाला राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने युद्धाच्या खेळाचे एक मेज नजर केले. त्यावर नद्या, टेकड्या व रस्ते दाखवणारे प्लास्टरचे रंगीत तुकडे हवे तसे जुळवता येत. सैनिकाच्या पायाखालची जमीन कळल्यावाचून लढाई कळत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

आमच्या पोरांपाशी ना रेशीम, ना प्लास्टर. पण सामान काही कमी नव्हते. आत दगड आणि विटांचे तुकडे रचायचे. त्यावर चिखलाच्या राड्यात बुडवलेले गोणपाट टाकले की सह्याद्रीच्या घड्या आपोआप पडत. नुसती चिकण माती वाळली की तडकते, म्हणून तीत भाताचा तूस मिसळायचा. वाटेला विटेची भुकटी, बुरुजाला गेरू, तळ्याला फुटक्या आरशाचा तुकडा, विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ सावलीच्या बाजूला. हिरवळीसाठी मात्र अळीव, मोहरी किंवा नाचणी. त्यांत अळीव सर्वांत गुणी. भिजला की बुळबुळीत होतो आणि उभ्या कड्यालाही चिकटून बसतो. दोनतीन दिवसांत मोड येतात आणि आठवड्याभरात चांगला दोन इंच वाढतो.

आता गंमत पाहा. बाजारातला लहान मावळाही दोन इंचांचाच असतो. म्हणजे पाडव्याला छाती काढून उभा असलेला मावळा भाऊबिजेला अळिवात पार बुडून जातो! लहानपणी याचे आम्हाला फार वाईट वाटे. आई म्हणे, कात्रीने छाटा. आम्ही छाटत असू. ती छाटणी ही आमची इतिहासातली चूक होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

उंबरखिंडीची लढाई आठवा. फेब्रुवारी १६६१. शाइस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान पुण्याकडून कोकणात उतरत होता. संगतीला रायबागन होती आणि मोठी फौज होती. खिंड अरुंद आणि दोन्ही बाजूंना दाट रान. शिवाजीमहाराजांचे लोक त्या रानातच दबा धरून बसलेले. खानाला मागे फिरता येईना, पुढे जाता येईना, पाणीही मिळेना. अखेर त्याने शरण येऊन खंडणी भरली, तेव्हा त्याला वाट मिळाली. परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग विस्ताराने आला आहे. खानाला हरवले कोणी? मावळ्यांनी हे तर खरेच, पण मावळे दिसले नाहीत म्हणून! आमचा अळीव खरा इतिहास सांगत होता आणि आम्ही कात्री चालवीत होतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडाभोवतीची झाडी हीच गडाची राखण मानली आहे. ती यत्नाने वाढवावी, तीतली काठीसुद्धा तोडू देऊ नये, असा त्यांचा कटाक्ष. आणि चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी लिहविलेले पत्र तर सर्वश्रुत आहे. दाणागोटा आणि वैरण जपून वापरा. संपली तर तुम्ही कुणब्यांच्या घरून दाणे, गवत, भाजी आणू लागाल आणि मग त्या लोकांना मोगल बरे वाटतील, असा त्यात इशारा आहे.

हे पत्र मी प्रथम वाचले तेव्हा माझे तोंड उतरले. कारण मीही एकदा असाच उपद्व्याप केला होता. दहाबारा वर्षांचा असेन. किल्ल्याला चिकण माती हवी होती आणि ती शेजारच्या काकांच्या खाचराच्या बांधाला उत्तम होती. मी चार पाट्या खणून आणल्या. भात गरवे होते, त्याला अजून पाणी हवे होते. रात्रीत बांध फुटला आणि खाचर कोरडे पडले. दुसऱ्या दिवशी काका आमच्या अंगणात आले. किल्ला त्यांनी डोळे भरून पाहिला, बुरुजावर हात फिरवला आणि म्हणाले, "माती वळखीची हाय रे, पोरा." एवढेच. शिवी नाही की वडिलांपाशी गाऱ्हाणे नाही. त्या वर्षी त्यांच्या घरी भात किती कमी आले, हे विचारण्याचे धैर्य मला कधीच झाले नाही.

विनोबा याच गावचे. १८९५ साली त्यांचा जन्म इथे झाला आणि १९५१ पासून ते गावोगाव पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागत राहिले. मातीची किंमत या गावात जन्मलेल्याला निराळी शिकवावी लागू नये. मला मात्र ती एका फुटलेल्या बांधाने शिकवली.

सकाळी नातवाला मी ही हकिगत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग ती हिरवी गुंडाळी त्याने आपणहून माळ्यावर टाकली आणि विचारले, "अळीव किती वेळ भिजवायचा?" आम्ही माती आमच्याच परसातली घेतली. भाऊबिजेला मावळे दिसेनासे झाले, तेव्हा आळीतली पोरे त्याला हसली. त्याने ऐटीत सांगितले, "दिसत नाहीत, म्हणून तर जिंकतात!"

दिवाळी सरल्यावर किल्ला मोडला. ती माती पाटीत भरून आम्ही दोघे त्या जुन्या बांधावर गेलो. काका जाऊन पुष्कळ वर्षे झाली. खाचर आता त्यांचा नातू कसतो. "आजोबा, ही कशाला?" त्याने विचारले. "जुने देणे आहे," मी म्हटले आणि पाटी बांधावर रिकामी केली.