मुखदुर्गंधीवरील प्रकाशगतिक उपचार

जिभेच्या मागच्या भागावरील थरात ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू प्रथिने कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सोडतात. मुखदुर्गंधीचे हे प्रमुख कारण. प्रकाशगतिक उपचारात जिभेला मिथिलीन ब्ल्यू हा रंग लावून त्यावर सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर टाकतात. प्रकाश शोषलेल्या रंगामुळे ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होऊन जिवाणू मरतात. ब्राझीलमधील साव पावलोच्या संशोधकांनी किशोरवयीनांवर प्रयोग केले. वायू लगेच घटला, मात्र परिणाम दीर्घकाळ टिकतो हे ठामपणे सिद्ध झालेले नाही. दंत तपासणीसाठी नाशिकच्या पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयासारखी ठिकाणे आहेत. मुखदुर्गंधीमुळे लाजून गप्प बसणाऱ्या मुलांनी आधी अशा ठिकाणी दात, हिरड्या तपासून घ्याव्यात आणि जीभ रोज घासावी. लेझरचा विचार त्यानंतर.