तहानेने गळालेल्या कोंबडीची घरगुती शुश्रूषा

हैदराबादच्या राजेंद्रनगर भागात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. १९८८ मध्ये प्रकल्परूपाने सुरू झालेल्या या संस्थेने परसातील पालनासाठी ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ हे वाण विकसित केले. पहिला मांस व अंडी या दोहोंसाठी, दुसरा मुख्यत्वे अंड्यांसाठी. हैदराबादेत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि ‘वनराजा’सारखी अंगाने भरलेली कोंबडी गावठी कोंबडीपेक्षा उन्हाने लवकर व्याकूळ होते. मोजक्या कोंबड्या पाळणाऱ्या घरात एक जरी आडवी झाली, तरी अंड्यांचा हिशेब बिघडतो.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सियस असते. उष्णता बाहेर टाकण्यासाठी ती चोच उघडून धापा टाकते आणि प्रत्येक श्वासागणिक पाणी गमावते. हैदराबादच्या कोरड्या हवेत धापांचा उपयोग तरी होतो. गोव्याच्या दमट हवेत पारा ३४ अंशांवर असला, तरी बाष्पीभवन मंदावते आणि धापा व्यर्थ जातात. म्हणूनच खुराड्यावर ओले गोणपाट टाकण्याचा तिकडचा उपाय इकडे वाऱ्याशिवाय फारसा लागू पडत नाही.

साधारण दोन किलोच्या कोंबडीच्या शरीरात सव्वा लिटरच्या आसपास पाणी असते. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे जेमतेम अर्धा पेला, गेला की ती खंगते; पाचवा हिस्सा गेल्यास बहुधा दगावते. तुरा फिका किंवा काळपट पडणे, डोळे खोल जाणे, पंख सैल सोडून एका कोपऱ्यात उभे राहणे, चोचीच्या आत चिकट लाळ ही त्याची लक्षणे होत. छातीवरील कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच पूर्ववत न झाल्यास पाण्याची तूट निश्चित समजावी.

अशा कोंबडीला प्रथम कळपातून वेगळे करून शांत, सावलीच्या, हवेशीर जागी ठेवावे. ऊन लागले असल्यास पाय साध्या पाण्यात बुडवावेत आणि तुरा ओला करावा. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये. त्या धक्क्यानेच अनेक पक्षी मरतात. पावसाळ्यात भिजून, हगवणीने गळालेल्या कोंबडीला मात्र याउलट ऊब द्यावी लागते.

सर्वांत मोठी चूक घडते ती पाणी पाजताना. चोच फाकवून चमचाभर पाणी आत ओतण्याची घाई बहुतेक घरांत केली जाते. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. ओतलेले पाणी थेट फुप्फुसांत उतरते आणि तहानेतून वाचली असती ती कोंबडी गुदमरून जाते. तेल वा काढा पाजण्यातही हाच धोका आहे. ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा आणि तिने गिळल्यावरच पुढचा द्यावा. मान टाकलेल्या, बेशुद्ध पक्ष्याच्या तोंडात काहीही घालू नये.

कोंबड्यांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर मिळाल्यास ती पाकिटावरील प्रमाणात वापरावी. ती नसल्यास माणसांच्या ओआरएसचे पाकीट सांगितल्याच्या दुप्पट पाण्यात विरघळवावे. मिठाचा अतिरेक कोंबडीला सोसत नाही, त्यामुळे अंदाजाने मीठ घालणे टाळलेले बरे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम कमी असते. ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. पहिला तासभर दर दहा मिनिटांनी एक-दोन मिलिलिटर, मग हळूहळू वाढवत दिवसभरात दोनशे मिलिलिटरपर्यंत द्यावे. एका दिवसानंतर साध्या पाण्यावर यावे.

दाण्याची घाई नको. पाणी पोटात ठरल्यानंतर, छातीच्या वरच्या भागातील अन्नपिशवी रिकामी होत असल्याची खात्री करून उकड्या तांदळाची पातळ, अळणी पेज द्यावी. कोरडे दाणे आधी दिल्यास ते त्या पिशवीत तसेच साचून राहतात. रोज सकाळी कोंबडीचे वजन करावे. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा काट्यावर सुधारणा आधी कळते.

मात्र प्रत्येक मरगळ ही तहान नसते. हिरवट पातळ विष्ठा, घरघर आणि मान वाकडी होणे ही राणीखेतची चिन्हे असू शकतात. या रोगावर औषध नाही, लसच आहे: पिल्लांना पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा सुमारे आठव्या आठवड्यात. विष्ठेतील रक्त रक्ती हगवण सुचवते. एकाच दिवशी अनेक पक्षी मेले तर दोष उन्हाला देऊन स्वस्थ बसू नये. हैदराबादलगतच्या हयातनगर परिसरात २०१५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच, बर्ड फ्लूचा उद्रेक झाला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुसंवर्धन खात्याच्या नजीकच्या दवाखान्याला तात्काळ कळवावे. एकट्या कोंबडीनेही चोवीस तासांत स्वतःहून पाणी प्यायला सुरुवात केली नाही, तर तिला पशुवैद्याकडे न्यावे.

सावरलेल्या कोंबडीला लगेच कळपात सोडल्यास इतर कोंबड्या टोचून बेजार करतात. दोन-तीन दिवस जाळीआडून ओळख राहू द्यावी आणि मग संध्याकाळी, खुराड्यात शिरण्याच्या वेळी, तिला आत ठेवावे. अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. त्यामुळे एकदा तुटलेले अंड्यांचे चक्र पुन्हा सुरू व्हायला काही आठवडे लागू शकतात आणि पहिल्या काही अंड्यांचे कवच पातळ निघते.